आक्का, तुम्ही वर्ग तांड्यावर नेलात

आक्का, तुम्ही गेलात त्या सकाळी ललिताचं मोटर दुरुस्तीचं दुकान उघडं होतं. हे आधी सांगतो, कारण लोकांनी त्यावरून तिला बोल लावला. शिरड शहापूरच्या फाट्यावर उभी राहून माणसं म्हणाली, "जिनं हात धरून शिकवलं ती गेली, अन् ही पोरगी मोटर खोलून बसली." पण आदल्या दिवशी एका शेतकऱ्याला तिनं सकाळचा शब्द दिला होता. त्याची हळद पाण्यावर आली होती. तिनं मोटर पुरी केली, चालवून दाखवली, मग शटर ओढलं आणि धावत तुमच्या घरी आली. हात वार्निशनं चिकट. त्याच हातांनी तिनं तुमच्या पावलांना हात लावला आणि मग एकदम मागं घेतला, तुम्हाला डाग लागेल म्हणून. दाजी शेजारीच उभे होते. तुमचे मालक कधी चार शब्द बोलत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू. ते म्हणाले, "राहू दे माय. काम करून आलीस, बराबर केलंस."

त्या दिवशी तेवढंच एक वाक्य मला ऐकू आलं. बाकीचं सगळं कानावरून गेलं.

महिना होत आला. आता थोडं बोलता येईल असं वाटतं. तुमच्यासमोर तुमचं चांगलं बोललेलं तुम्ही कधी चालू दिलं नाही. मी सुरुवात केली की म्हणायच्या, "मास्तर, कामाचं बोला." आता अडवायला तुम्ही नाही, तर सगळं बोलून घेतो.

आपली ओळखच भांडणानं झाली. मी औंढ्याच्या प्रशिक्षण केंद्रात काही वर्षांपासून होतो. घरगुती वायरिंग आणि मोटर वाइंडिंग शिकवायचो. तुम्ही शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर संध्याकाळी बायांना लिहा-वाचायला शिकवत होतात. तांड्याच्या तुम्ही नव्हे, तुमचं घर गावातलं, शेळ्या-मेंढ्यांचं. तरी तांडा तुम्हाला आपलं मानत होता. रोजगाराचं प्रशिक्षण फुकट मिळतं असं कुठंतरी ऐकून तुम्ही त्या बायांना घेऊन आमच्या केंद्राच्या दारात उभ्या राहिलात. आमच्याकडं नाव नोंदवायचं तर मशीनवर अंगठा ठेवावा लागायचा. बायांनी अंगठे ठेवले. मशीन घेईना. ऊस तोडून, निंदण करून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. मी आपला सांगत होतो, "पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. जरा दाबून ठेवा."

तुम्ही पुढं आलात. "मास्तर, मी आयुष्यभर या बायांचा अंगठा सोडवून राहिले, अन् तुमची मशीन पुन्हा अंगठाच मागून राहिली? सही करतात त्या. कागद आना."

मी म्हणालो, "आक्का, नियम आहे."

"मंग नियमाला सही शिकवा."

आतून आमचे केंद्रप्रमुख हसत बाहेर आले आणि त्यांनी कागद दिला. एकेका बाईनं खाली बसून, जीभ दातांत धरून, आपलं नाव लिहिलं. तुम्ही प्रत्येकीच्या मागं उभ्या राहून बघत होतात, आणि एकीची वेलांटी चुकली तेव्हा तुम्ही फक्त खाकरलात. तिनं खोडून दुरुस्त केली. मला त्या क्षणी कळलं की ही बाई आता आपल्याला सोडणार नाही.

नाही सोडलंत. दुसऱ्याच आठवड्यात शिलाईवरून आलात. बायांसाठी आमच्याकडं शिलाईचा वर्ग मंजूर होता. यंत्रं येऊन पडली होती. तुम्ही म्हणालात, "यांच्या आज्या आरसे लावून फेटिया-कांचळी, म्हंजे घागरा-चोळी, भरायच्या. त्यांच्या नातींना तुमी सुई धरायला शिकवून राहिले?" केंद्रप्रमुखांनी विचारलं, मग काय शिकवायचं? तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "हे जे शिकवतात ते. शिवारात ज्या विहिरीवर जाल तिथं मोटर हाय. लाईट कमी-जास्त झाली की जळते. जळाली की मानूस ती उचलून हिंगोलीला जातो, दिवस मोडतो, पीक वाळून राहते. हे काम हितं व्हायला पायजे. अन् बायांनी काहून न्हाई करायचं?"

खरं सांगू का, मलाही ते पटलं नव्हतं. मोटर जड असते, हात काळे होतात, गिऱ्हाईक पुरुष असतं. पण तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा शिकवणं सोपं वाटलं. केंद्रप्रमुखांनी वरच्या कार्यालयात रदबदली केली. बाया औंढ्याला रोज यायच्या नाहीत हे तुम्ही आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा वर्ग तांड्यावरच्या समाजमंदिरात भरवायचा ठरला, आणि उन्हाळ्यात, तांडा ऊसतोडीवरून परत आल्यावर. तारीख आमच्या केंद्रानं नाही, तुम्ही ठरवलीत. तेव्हा मला ते खटकलं होतं. आज वाटतं, आधीचे कितीतरी वर्ग आम्ही नोव्हेंबरात भरवले आणि तांड्यावर कुलपं पाहून परत आलो, तेव्हा तांडा ऊसतोडीवर असतो हे कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

तांड्यावर ललिताच्या बापाकडं तुम्ही मला घेऊन गेलात तो दिवस आठवतो. देवलाकाका बाजेवर बसले होते. मला वाटलं, तुम्ही वर्गाचं बोलाल. तुम्ही त्यांच्या बैलाच्या खांद्याला आलेल्या सुजेबद्दल बोललात. मग त्यांच्या आईच्या गुडघ्याबद्दल. चहा झाला. आपण उठलो. वाटेत मी चिडून विचारलं, "विषय काढलाच नाहीत?" तुम्ही म्हणालात, "आज त्यायला बोलायचं होतं. आपलं उद्या."

दुसऱ्या दिवशी काढलात. देवलाकाका म्हणाले, "पोरीनं मोटरी खोलायच्या? आक्का, लगीन कोन करंल तिच्याशी?"

"ज्याच्या विहिरीवर मोटर हाय तो करंल," तुम्ही म्हणालात.

ते मोठ्यानं हसले. आत ललिताची आई हसली. ललिता दाराआड उभी होती, ती मात्र हसली नाही. तिचं सगळं लक्ष बापाच्या तोंडाकडं होतं. दहावीनंतर शाळा सुटलेली, पुढच्या हंगामात आईबापाबरोबर कोयता घेऊन जायचं ठरलेलं. "दोन महिन्यांचं तर काम," देवलाकाका शेवटी म्हणाले. "शिकू द्या. दसऱ्याला आमच्यासंगट यायचंच हाय तिला." तेवढ्यापुरतं मिळालं ते घेतलंत.

वर्ग सुरू झाला. पहिले दिवस मी फळ्यावर मोटर काढली. स्टेटर, स्लॉट, फेज. बाया मान खाली घालून बसायच्या. तुम्ही मागं भिंतीला टेकून ऐकत होतात. एका दुपारी म्हणालात, "मास्तर, तुमी फळ्यावर मोटर दाखवून राहिले, अन् खरी मोटर तिकडं पडली हाय."

मी खडू ठेवला. जळकी मोटर मध्ये आणली, सगळ्यांना भोवती बसवलं. जुनी तार उपसायला लावली. तार काळी पडलेली, वास सुटलेला. कुठं जळाली ते त्यांनीच शोधलं. मग मी एकेका भागाचं नाव सांगायचो आणि तुम्ही ते पाटीवर लिहायच्या. दुसऱ्या दिवशी बाया ती पाटी वाचून भाग हातात घ्यायच्या. मोटरच्या अंगावर ठोकलेल्या पट्टीवरचे इंग्रजी आकडे आणि अक्षरं तुम्ही एक एक करून त्यांच्याकडून गिरवून घेतलीत. वर्षानुवर्षं तुमच्या वर्गात येऊनही जिला "क" आणि "फ" यांचा घोळ सुटत नव्हता ती शेवंताबाई "कपॅसिटर" आणि "फेज" बरोबर वाचायला लागली, कारण चुकलं तर मोटर फिरत नाही. तुम्ही हे मला हळूच दाखवलंत. एवढा आनंद झाला होता तुम्हाला की तुम्ही पदर तोंडाला लावला.

आक्का, मी याआधी कितीतरी वर्ग घेतले होते. माझं काम मला येत होतं. पण माणसं माझ्यासमोर कुठून येऊन बसतात, का बसतात, आणि एके दिवशी का येईनाशी होतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते तुमच्यामुळं विचारायला लागलो.

मग मोटरचा प्रश्न आला. शिकायला जुन्या सांगाड्यांवर ठीक होतं, पण खरी, विहिरीत बसणारी मोटर द्यायला गावातलं कुणी तयार होईना. बायांच्या हातात मोटर द्यायची आणि वर हसं करून घ्यायचं? तेव्हा तुमच्याच विहिरीवरची मोटर जळाली. दाजी ती हिंगोलीला न्यायला निघाले होते. तुम्ही ती समाजमंदिरात आणवलीत. ललिता आणि तुमची पुतणी शीतल, दोघींनी मिळून ती नव्या तारेनं भरली. मी तपासणीच्या दिव्याला जोडून पाहिली, सगळं ठीक लागलं. सगळे विहिरीवर गेलो. निम्मा तांडा बघायला आला. ललितानं स्टार्टर दाबला. पाणी आलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. पाणी दंडानं निम्म्या वावरात पोचलं असेल नसेल, मोटर घुमायला लागली आणि धूर निघाला.

कुणीतरी मागून म्हणालं, "सांगून राहिलो होतो ना." लोक पांगले. हळदीची लागवड तोंडावर होती. दाजी विहिरीच्या काठावर उभे राहून कोरड्या राहिलेल्या वावराकडं बघत होते. त्या बघण्याची मला भीती वाटली.

तार बसवताना एका खाचेतला, तारेखाली घालतात तो कागद जरासा फाटला होता, एवढंच कारण. मोटरवर भार पडला आणि ती तिथंच जळाली. असं जुन्या कारागिरांकडूनही होतं. पण दुसऱ्या दिवशी ललिता वर्गाला आली नाही. शीतल आली ती रडून डोळे सुजवून. तुम्ही तांड्यावर ललिताकडं गेलात. काय बोललात ते तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "आक्का, माझ्या हातानं तुमचं नुकसान झालं." तुम्ही म्हणालात, "माझ्या हातानं कितीक भाकरी जळाल्या, माय. तुझे दाजी उपाशी न्हाई मेले. चल, ती काहून जळाली ते बघू."

तुम्ही दोघी समाजमंदिराच्या दाराशी आलात तेव्हा दाजी आधीच तिथं होते. मोटर बैलगाडीत घालून स्वतः घेऊन आले होते. त्यांनी ती खाली उतरवली, हात झटकले आणि ललिताला म्हणाले, "हिंगोलीला न्यायची तर दिवस मोडतो. हितंच करा."

बस्स. एवढंच. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत आणि मान फिरवलीत. मी आयुष्यात पुष्कळ नवरा-बायको बघितले, पण तसं बघणं पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा ती मोटर चालली. नंतर गावातून एक आली, मग दुसरी. दसऱ्यानंतर तांडा कारखान्याकडं निघाला तेव्हा देवलाकाका तुमच्या दारात आले. ललिताचं गाठोडं त्यांच्याच खांद्यावर होतं. "लेकरू तुमच्या पदरात टाकून चाललो, आक्का," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "पदरात कशाला? ओसरीवर काम करंल, आमच्यात जेवंल." तो सबंध हंगाम ललिता तुमच्या घरी राहिली. कोयता तिच्या हातात आला नाही. पुढच्या हंगामातही नाही. नंतर फाट्यावर दुकान झालं. तुम्ही त्याला तुमचं नाव द्यायला सांगितलं नाही, उद्घाटन केलं नाही, फक्त रोज येता-जाता उभ्या राहून विचारायच्या, "काय ग, जेवलीस का?"

आता आपल्या दुसऱ्या, मोठ्या भांडणाबद्दल. ते अर्धंच राहिलं आहे, म्हणून तेही बोलतो.

शीतलला पुण्याकडच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळत होतं. आमच्या केंद्राला अशी नोकरी लागलेली हवी असते, हे खरं. पण शीतललाही जायचं होतं. तुम्ही भडकलात. औंढ्याच्या बसस्टँडवर, नागनाथाला आलेले भाविक बघत होते, तुम्हाला त्याचीही पर्वा नव्हती. "मोटरी हितं जळून राहिल्या, अन् शिकलेले हात तुमी पुण्याला पाठवून राहिले. मंग तांड्यावर वर्ग काहून भरवला? पोरी गोळा करून द्यायला?"

मी म्हणालो, "आक्का, हात तिचे आहेत."

नंतर कित्येक दिवस कामापुरतंच बोललात. शीतल गेली तेव्हा तुम्ही तिला शिदोरी बांधून दिलीत, पण गाडीपर्यंत आला नाहीत. पुढं आपलं बोलणं पहिल्यासारखं झालं, पण हा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही. मला वाटायचं, आक्कांनी मला यात माफ केलेलं नाही.

तुमच्या दहाव्याला शीतल आली होती. विधी झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मास्तर, काकू पुण्याला आलती, ठाऊक हाय का?"

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात. एसटीनं एकलीच. खोलीवर राहिली. आमच्या सगळ्या पोरींचा सैपाक केला. माझ्यासंगट कंपनीच्या गेटपर्यंत आली, सुट्टी होईस्तोवर तिथंच बसून राहिली. आमचे साहेब बाहेर पडले तर त्यायला म्हनली, हिचे पाय सुजून राहिले, हिला बसून काम करायला स्टूल द्या."

"मग?"

"दिलं ना. सगळ्या लाईनला दिलं." शीतल डोळे पुसत हसायला लागली. "अन् जाताना मला म्हनली, बरी हायेस तू. पण मास्तरला सांगू नको. लई फुशारंल."

आक्का, तुमच्या दहाव्याला मी मोठ्यानं हसलो. लोकांनी वळून बघितलं. दाजींनीही बघितलं, आणि मला वाटतं त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी फुशारलो नाही. उलट तेव्हापासून तुमच्या बाजूनंच विचार करतोय. हंगामात तांड्यावरून चालताना कुलपं दिसतात, तेव्हा तुम्ही स्टँडवर जे बोललात ते खोटं वाटत नाही. आणि शीतलचं तोंड बघितलं की माझं म्हणणंही खोटं वाटत नाही. आता आमच्या केंद्रात नाव घालायला आलेल्या पोरीला पहिल्यांदा विचारतात, काम इथं करायचं की बाहेर? इथं म्हणाली तर तिला दुकान मांडेपर्यंत सोबत करायची, बाहेर म्हणाली तर तिची राहण्याची जागा आधी बघून यायचं. हा प्रश्न आपल्या भांडणातून आला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमचे आभार मानायचेही राहिले. माझ्या हातून जे काही चांगलं शिकवून झालं, त्याच्या दारापर्यंत माणूस आणून उभा तुम्ही केलात. मी कॉइल भरायला शिकवलं. त्या पोरींना "आपल्याला जमंल" हे तुम्ही आधीच शिकवून ठेवलेलं असायचं. याला सरकारी भाषेत काय म्हणतात ते आमचे साहेब बैठकीत सांगतात. मला तो शब्द कधी ध्यानात राहिला नाही. माझ्यासाठी तो शब्द म्हणजे तुम्ही.

एक शेवटचं. पुसेगावला नवा वर्ग भरवायचा ठरला आहे. तिथल्या बायांनी ललिताचं दुकान पाहून स्वतःहून बोलावलं. घरोघर जायला मात्र आता कुणी नाही, तेव्हा केंद्रप्रमुखांनी मलाच पाठवलं. गेल्या आठवड्यात एकटा गेलो. शेळ्या राखणारं घर. बाप अंगणात बसला होता, पोरगी पाण्याला गेली होती. मी ठरवून गेलो होतो की आधी शेळ्यांचं बोलायचं. पण मला शेळ्यांचं काय कळतं? बसल्या बसल्या सगळा वर्ग सांगून टाकला, वेळ, जागा, प्रमाणपत्र. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाई जमायचं." मी चहा पिऊन उठलो.

पोरीची आई मला बांधापर्यंत सोडायला आली. तोंड फिरवून हळूच म्हणाली, "पोरीला लई वाटून राहिलं शिकावं म्हून. तुमी परत या."

मी विचारलं, "ते बाजाराला जातील तेव्हा येऊ का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते घरी असतानाच या. त्यायच्या म्होरंच बोला. चोरून शिकलेलं टिकत न्हाई."

तर आक्का, रविवारी मी पुन्हा पुसेगावला चाललो आहे. तो माणूस घरी असेल तेव्हा.